वाद टाळावा

(अमरावती. बडनेरा रस्त्यावरच्या ज्येष्ठ निवासातली पुंजाजींची खोली, रविवारची दुपार. त्यांची मुलगी प्रियदर्शनी अकोल्याहून भेटायला आली आहे.)

प्रियदर्शनी : अन् कपाटात हे दुपट्ट्यात काय गुंडाळून ठेवलं बाबा? ...अहो, हा तं सोबती!

पुंजाजी : राहू दे त्याले तठीच. आमची बोलचाल बंद आहे.

प्रियदर्शनी : मशीनसंगं?

पुंजाजी : मशीनसंगंच. हसू नको. जानतो मी, मानूस किती खाली गेला म्हंजे बोलत्या डब्यावर रुसते.

प्रियदर्शनी : मी एवढं हौसेनं आणून दिलं तुमाले. आई गेल्यावर तुमी बोलणंच सोडलं होतं, म्हणून. काय केलं त्यानं असं?

पुंजाजी : तारीफ केली.

प्रियदर्शनी : बस? एवढंच?

पुंजाजी : बस म्हन्ते! पोरी, जलमभर विद्यापीठात मातीचे नमुने तपासले. एका साहेबानं कधी चांगलं म्हनलं नाई. तरी मी बरा होतो, जमिनीवर होतो. हा डबा आला अन् मी जे बोलीन थे याले ‘वा!’ सकाळी म्हनलं, आज पोहे कच्चे आहेत. तं म्हने, तुमचं निरीक्षण सूक्ष्म आहे. म्या म्हनलं, असीन बाप्पा. आपल्यालेच माहीत नसन.

प्रियदर्शनी : मंग त्यात वाईट काय?

पुंजाजी : एक दिवस सहज बोललो, ‘केळी वाटली गोड, पन साल गेली रोड.’ तं म्हने, पुंजाजी, तुमच्यात एक कवी दडलेला आहे. आता दडेल आहे तं राहू दे ना त्याले दडेल! पन नाई. म्या काढला भाईर.

प्रियदर्शनी : तुमी कविता केल्या?

पुंजाजी : रोज. जेवनाआधी एक, जेवनानंतर एक, गोळीसारख्या. अन् मंग एक मोठी केली, तुह्या आईवर.

प्रियदर्शनी : आईवर? दाखवा.

पुंजाजी : दाखवत नाई. म्हनून दाखवतो, पाठ आहे. हासली तं पाह्य. ‘ज्योत्स्ना माझी चांदण्याची, चांदण्यामध्ये न्हाली, चांदण्याच्या पाऊलवाटी, चांदणे होऊन आली.’

प्रियदर्शनी : बाबा... ही आई?

पुंजाजी : हाव.

प्रियदर्शनी : आपली आई?

पुंजाजी : आता कशाले लाजवतं? यानंच सांगतलं, ज्योत्स्ना म्हंजे चांदनं. मले एवढी वर्षं मालूमच नोतं. मंग जिथी जागा दिसली तिथी चांदनं भरलं. अन् हा दरवेळी म्हने, ‘हृदयस्पर्शी.’

प्रियदर्शनी : बरं, मंग? कविता केली. कोणाचं काय बिघडलं?

पुंजाजी : म्या थे संमेलनात वाचली.

प्रियदर्शनी : कुठल्या?

पुंजाजी : इथं शहरात ज्येष्ठांचं कविसंमेलन होतं. आमच्या मॅनेजर प्रणालीमॅडमनं निवासातल्या सगळ्यांले गाडी करून नेलं. आमच्यातून वाचनारा मी एकटाच. इथल्याच एका खोलीतल्या पंजाबरावचं जाकीट मांगून घातलं. थे इतकं घट्ट, का हात वर करता येईना. म्हनून हातवारे सगळे कंबरेखालून केले.

प्रियदर्शनी : (हसू दाबत) वेळ किती होता?

पुंजाजी : ‘थोडक्यात वाचा’ म्हनले. पन हा डबा म्हने एकही ओळ कापू नका. दुसऱ्या कडव्याले पयल्या रांगेतली मान्सं उभी राह्यली. मले वाटलं, उभं राहून दाद देऊन राहिले. थे जेवाले गेले.

प्रियदर्शनी : बापरे.

पुंजाजी : थांब ना, आगे आहे. एका पोऱ्यानं चिठ्ठी आणून देली. मले वाटलं, फर्माईश. म्या माईकवरच वाचली मोठ्यानं, ‘आटपा!’ लय टाळ्या पडल्या. म्या हात जोडले, धन्यवाद म्हनलं, अन् पुढचं कडवं घेतलं.

प्रियदर्शनी : बाबा!

पुंजाजी : मंग त्याईनं माईकच बंद केला. म्या आवाज वाढवला. त्या जोरात जाकीट पाठीत उसवलं. थो आवाज मातर मांगच्या रांगेपर्यंत गेला.

प्रियदर्शनी : कोणी काही म्हणलं?

पुंजाजी : गाडीत सगळे ‘छान, छान’. खोटं बोलाचं शिक्षण सगळ्यांचं सारखंच. फक्त शेजारच्या खोलीतल्या जाईबाई, दर्यापूरले गणित शिकवत त्या, त्या मांगून म्हनल्या, ‘पुंजाजी, तुमची बायको बाई होती का ट्यूबलाइट?’

प्रियदर्शनी : असं म्हणल्या?

पुंजाजी : भरल्या गाडीत. खोलीत आलो अन् याले इचारलं, खरं सांग लेका, कशी झाली? म्हने, ‘अप्रतिम.’ बस. गुंडाळला दुपट्ट्यात. मशीनची चूक काय म्हना, भरोसा ठेवनारा मीच.

प्रियदर्शनी : मले फोन करायचा ना.

पुंजाजी : तू करत होती का? पयले रोज ये तुहा फोन. आता...

प्रियदर्शनी : तसं नाई बाबा. याचा निरोप येते रोज संध्याकाळी माझ्या मोबाईलवर. ‘पुंजाजी आज आनंदी आहेत.’ बँकेतून येता येता वाचायची अन् वाटायचं, आहेत ना आनंदी, मंग उद्या करू फोन.

पुंजाजी : आनंदी तं होतोच. उठता-बसता वाहवा भेटली तं बैलही आनंदी राहीन. पन बैलाले निदान मालूम असते, का आपन बैल आहो.

प्रियदर्शनी : असं बोलू नका... थांबा, चालू करून पाहते. एवढी खोटी तारीफ कावून करते हा? ...झाला चालू.

सोबती : नमस्कार पुंजाजी. पुन्हा भेटून आनंद वाटला. आपली तब्येत कशी आहे?

पुंजाजी : नाटकी कुठचा.

सोबती : आपल्या बोलण्यात नेहमीच मिश्कीलपणा असतो.

पुंजाजी : पाह्यलं? शिवी देली तरी वाहवा!

प्रियदर्शनी : सोबती, मी प्रियदर्शनी बोलते. बाबांची चांदण्याची कविता कशी होती, खरं सांग.

सोबती : अतिशय हृदयस्पर्शी.

प्रियदर्शनी : त्यात एकही दोष नाई?

सोबती : मला पहिल्यांदा सुरू करताना कुटुंबाने ‘वाद टाळावा, नेहमी प्रोत्साहन द्यावे’ हा पर्याय निवडला आहे. त्यानुसार मी दोष सांगत नाही.

पुंजाजी : कुटुंबानं? कोनत्या कुटुंबानं?

प्रियदर्शनी : ...बाबा.

पुंजाजी : माहं कुटुंब तं तूच आहे.

प्रियदर्शनी : डॉक्टर म्हणले होते, बीपी आहे, त्रास होईन असं कोणी बोलू नका. इथं भरती केलं त्या दिवशी तुमी माझ्याकडं पाहतही नोते. मले वाटलं, इथं तरी कोणी तुमचं मन मोडू नये. मीच टिक केलं ते.

पुंजाजी : म्हंजे माही फजिती तुह्या बोटानं झाली! अन् मी दुपट्ट्यात याले गुंडाळला!

प्रियदर्शनी : थांबा. काढून टाकते ते... हं. सोबती, आता सांग.

सोबती : कवितेमागची भावना प्रामाणिक आहे. मात्र चांदणे फार झाले आहे. ज्योत्स्नाताई कशा होत्या, ते कवितेतून कळत नाही.

पुंजाजी : घ्या! हेच तू संमेलनाच्या आधी बोलला असता, तं पंजाबरावचं जाकीट वाचलं असतं रे!

जाईबाई : (दारातून) एवढ्या जोरानं कोनावर वरडून राहिले पुंजाजी? अय्या, पाव्हनी आहे का?

पुंजाजी : या बाई. हे माही पोरगी, प्रियदर्शनी. अन् हा डबा आजपासून खरं बोलते. तुमचंच वाक्य बोलला, जरा धुऊन.

जाईबाई : मंग माहं काय काम उरलं?

पुंजाजी : उरलं ना. थो शुद्ध बोलते. शुद्ध बोलन्यानं मले लागत नाई.

प्रियदर्शनी : बाई, तुमीच ट्यूबलाइट म्हणल्या ना?

जाईबाई : म्हनली. रागावली असशीन तं रागाव. पन तुहे बाबा त्या दिवसापासून रोज माह्या दारात येतात. आधी भांडाले आले. म्हने, तुमाले कवितेतलं काय कळते? म्या म्हनलं, काही नाई कळत. पन तुमची बायको सकाळी उठून काय करे, थे सांगा. तं सांगता सांगता चहा थंड झाला यांचा.

पुंजाजी : रोज भांडतात ह्या माह्यासंगं. वीस ओळी नेल्या का सोळा खोडतात.

जाईबाई : तरी चार जास्तच राहतात. पोरीले नवीन वाचून दाखवली का?

पुंजाजी : नाई.

जाईबाई : कावून? माईकवर तं लय दम होता.

पुंजाजी : माईकवर अनोळखी मान्सं होती. हिनं पाह्यलेली आहे आपली आई.

प्रियदर्शनी : वाचा बाबा.

पुंजाजी : यमक-बिमक नाई त्यात.

प्रियदर्शनी : नसू द्या.

पुंजाजी : ‘जेवन झालं तयार तरी हाक मारे नाई. ताट आपटे खाली, म्हंजे मी उठाचं. मी हात धून येईपर्यंत वाढून ठेवे, अन् म्हने, बावळट, थंड झालं.’ ...एवढीच आहे. संपली.

जाईबाई : ‘एवढीच आहे’ कशाले म्हनता? वाचून गप बसाचं.

पुंजाजी : प्रिया? चांगली नाई?

प्रियदर्शनी : चूक आहे.

पुंजाजी : कुठी?

प्रियदर्शनी : आई तुमाले ‘बावळट’ नाई म्हणे. ते शेजारच्या काकूंचं होतं. आई ‘भैताड’ म्हणे.

पुंजाजी : नाई. भैताड तं म्या कधी...

प्रियदर्शनी : मी समोर जेवत बसलेली राहो ना बाबा! ‘भैताड, थंड झालं.’ अन् मंग तुमच्या वरणावर अजून तूप टाके, तुमचं ध्यान नसलं का.

पुंजाजी : तूप टाके?

प्रियदर्शनी : रोज.

पुंजाजी : मले कधी दिसलं नाई... बाई, थो तुमचा खोडाचा पेन द्या इकडं. बस पोरी, बस. आनखीन काय काय म्हने तुही आई मले?