‘ओळखलंत का?’ विचारू नका

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर बहीणभाऊ मोबाइलवर आमंत्रण लिहीत होते. वडील पलीकडे खिडकीशी बसले होते.

“तारीख, वेळ, हॉलचा पत्ता. झालं, पाठव.”

“थांब ताई, एक ओळ राहिली. ‘बाबांना भेटताना आधी स्वतःचं नाव सांगा.’”

“हे काय आमंत्रणात लिहायचं असतं?”

“मग जो तो येऊन म्हणणार, ‘ओळखलंत का मला?’ आणि बाबा नुसते हसत राहणार.”

“अरे, पण गावभर बोभाटा होईल.”

“परवा आत्या तसंच खोदून खोदून विचारत बसली. ती गेल्यावर बाबा जेवले नाहीत, ताई.”

“...बरं, लिही. पण ‘कृपया’ घाल. आणि नुसतं नाव नको, नातंही सांगा म्हणावं.”

“घातलं.”

“पोरांनो,” खिडकीशी बसलेले वडील म्हणाले, “वाढदिवस कुणाचा, तेही लिहा. नाहीतर लोकांचा उगाच घोटाळा होतो.”

“लिहिलंय बाबा, सगळ्यात वर.”

“कुणाचा आहे?”

बहीण उठली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली.

“मी तुमची थोरली, बाबा. वाढदिवस तुमचा आहे.”