माझं योगदान: उणे

उणे! अहो, शून्य असतं तरी चाललं असतं मला, शून्याला निदान थोडी अब्रू असते, पण उणे... म्हणजे या बाईने काही केलं नाही असंसुद्धा नाही, होतं तेही घालवलं! आणि हे सगळ्या जगाला दिसेल अशा फलकावर, माझ्या नावापुढे, लाल रंगात. तुम्हाला सांगते, नवऱ्याने ते बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि म्हणाला, "अगं, इतकी वर्षं जेवण झालं की लॅपटॉप घेऊन बसतेस, ते नेमकं कशासाठी?" आता याला काय सांगायचं?

थांबा, पहिल्यापासून सांगते. दवाखान्यात आपण नंबर घेऊन बसतो ना, समोरच्या पडद्यावर आकडे बदलत असतात आणि आपण शेजारच्याचा खोकला ऐकत असतो... तो पडदा चालवणारं एक सॉफ्टवेअर आहे. ओपन सोर्स. म्हणजे मालक कुणी नाही, फुकट वापरा, आतला कोड उघडून बघा, सुधारा, वाटा. आम्ही कुठे कुठे विखुरलेली माणसं आपापल्या नोकऱ्या करून ते सांभाळतो. बाकीचे कोडच्या नव्या ओळी लिहितात. मी काढते. हो, काढते! एकच काम तिघांनी तीन ठिकाणी लिहून ठेवलेलं असतं, ते एकत्र करायचं; कुणी उत्साहाच्या भरात काहीतरी घालून विसरून गेलेलं असतं, ते उपटायचं. घर झाडल्यावर कुणी विचारतं का, की बाई, आज घरात भर काय घातलीत? तुम्हीच सांगा, काढणं हे काम नाही का?

हे ज्यांनी सुरू केलं त्यांना आम्ही थोरले म्हणतो. त्यांच्या वेळी कारभार सोपा होता, ते म्हणतील ते! मला कधीतरी लिहायचे, "छान काढलंस." बस्स. तेवढ्यावर माझा महिना जायचा. पण थोरले थकले, म्हणाले, "आता मंडळ नेमा, मतदान करा, तुमचं तुम्ही बघा." लोकशाही आली! मला आनंदच झाला हो. मग मंडळ म्हणालं, मत कुणाला? योगदान देणाऱ्याला. आणि योगदान म्हणजे काय? झाल्या बैठका सुरू! एक म्हणतो असं, दुसरा म्हणतो तसं, तिसऱ्याचा आवाजच येत नाही... आणि शेवटी ठरलं काय, तर घातलेल्या ओळी वजा काढलेल्या ओळी, आणि हा हिशेब प्रत्येकाच्या नावापुढे वेबसाइटवरच्या फलकावर. मी विचारलं, "अहो, मग माझं काय?" तर अध्यक्ष, फार सभ्य माणूस, बोलतात असे की जणू सांत्वनाला आलेत, "ताई, तुमच्याबद्दल आम्हाला नितांत आदर आहे... पण आदर मोजता येत नाही ना."

म्हणजे मत नाही!

फलकावर पहिला कोण, तर ज्याला आम्ही पैलवान म्हणतो तो. ओळींचा नुसता धबधबा! त्याने आणला नवा पडदा. नंबर लागला की रंगीत कागदांची उधळण, टाळ्यांचा कडकडाट, आणि ही एवढी अक्षरं, "अभिनंदन!" अहो, दवाखान्यात! मी परोपरीने सांगितलं, नको. मतदान झालं, सगळ्यांनी हो म्हटलं... माझ्याशिवाय सगळ्यांना मत होतं ना!

आणि मग आला आत्याचा फोन. माझी आत्या दवाखान्यात नंबर द्यायला बसते. "ते तुमचंच ना गं सॉफ्टवेअर? मग ये इथे आणि तूच खा शिव्या! दाढ सुजलेला माणूस उठला, तर पडदा टाळ्या वाजवतोय. तो मलाच विचारतो, हसताय कुणाला?" मी हसले. खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं. पण आत्या हसली नाही. म्हणाली, "एक बाई तापलेलं लेकरू घेऊन बसली होती. कागद उडून संपेपर्यंत आकडा झाकलेला, संपले तोवर पुढचा आकडा आलेला. तिचा नंबर कधी गेला कुणाला कळलंच नाही. सगळ्यांच्या शेवटी आत गेली. लेकरू बरं आहे आता... पण रडायचंसुद्धा थांबलं होतं गं ते."

तिथे माझा तो उणे, तो फलक, तो अपमान... सगळं एकदम हलकं झालं हो.

मी थेट पैलवानाला फोन लावला, तोंडात चार शब्द तयार ठेवून. तर पलीकडून आवाज आला तो दमलेल्या, चाळिशीच्या माणसाचा. "ताई, कळतंय मला. पण मी ते काढलं तर फलकावर खाली येईन. नोकरी गेलीय माझी. हा फलक बघून मुलाखतीला बोलावतात. परवा एक आहे." घ्या! माझे चारही शब्द गिळले. इकडे लेकरू, तिकडे याचं घर. मग म्हटलं, "तू नको काढूस, मी काढते. काढणाऱ्याचे गुण जातात, आणि माझे काय जाणार आहेत? पण मंडळात बोलावं तुलाच लागेल, मला तिथे मतच नाही."

आणि मग, तुम्हाला सांगते, तो माणूस बैठकीत सगळ्यांसमोर बोलला, मुलाखतीच्या आदल्या दिवशी. "माझा पडदा चुकला. ताईंना काढू द्या." एवढंच. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या मुलाखतीत काही जमलं नाही त्याचं, पुढे दुसरीकडे लागला, आता कामाच्या रगाड्यात तो इकडे फिरकत नाही.

मी तो उधळणीचा पडदा काढला. आत्याला विचारलं, "आज काय झालं?" म्हणाली, "काही नाही गं. नंबर आले, माणसं आत गेली." ते 'काही नाही' मी कितीदा तरी मनात म्हणून बघितलं. तेच तर माझं काम! ते कुठल्या फलकावर लिहिणार? तुम्हीच सांगा, काढणं हे काम नाही का?

मंडळाने दखल घेतली हं, घेतली नाही असं नाही. गेल्या आठवड्यात मेल आला. "स्वागत आहे! आपण अद्याप योगदान दिलेलं दिसत नाही. घाबरू नका, नवख्यांसाठी सोपी कामं खाली दिली आहेत." खाली पहिलंच काम होतं, 'कुणी वापरत नसलेला जुना कोड काढून टाकणे.'

उघडून बघितलं... खरंच काढायला हवा होता हो. घेतलं. करते काय!