शामूआण्णाची चौदा दात्यांची चकती

मंडळी, ऐका! माणसानं संशय घ्यावा की घेऊ नये? — अहो दुसऱ्या रांगेतले काका, चपला आहेत तिथंच आहेत! तिसऱ्यांदा वळलात! — तर संशय घ्यावा. पण तो तपासावा, की नुसताच पाळावा? त्यासाठी चला तांबडखिंडीत!

तिथं जत्रेला सायकलींची शर्यत. खिंड चढायची, पलीकडं उतरायची. सायकल कसली? चाक फिरलं की पायडल फिरणारच! उताराला आपण पाय सोडून आरामात बसतो ना? इथं ते नाही. चाक थांबेपर्यंत पायांची सुटका नाही. पुढं एक ब्रेक, बाकी देव! आणि जिंकेल त्याला पालखीचा पहिला खांदा. धनाजीच्या घराला तो मान तीन पिढ्यांत मिळाला नव्हता. बाप त्याच आशेवर गेला. धनाजीला तो खांदा हवाच होता.

त्याचा चुलतभाऊ शामूआण्णा. सायकलीचं दुकान त्याचं, शर्यतीतही तो. दोन घरांत बांधावरून धुसफूस. भावकी! हसू नका, तुमच्याकडं काय वेगळं आहे?

आण्णा म्हणाला, "धना, मागच्या चाकाला, साखळी बसते तिथं, ही लहान चकती घाल, चौदा दात्यांची. चढाला जड जाईल, पण उताराला पाय कमी फिरतील, आवरतील. आणि उतरताना आपल्या बाजूच्या मधोमध चाल. कडेला खडी आहे. शिवाय कडेला गेलास की मागच्या गाडीला वाटतं वाट दिली. ती घुसते."

"बरं आण्णा." हे तोंडानं. आणि मनात? जड चकती — म्हणजे मी चढालाच दमावं! मला मधे ठेवून हा कडेनं सटकणार! बांध कोरणारा माणूस फुकट अक्कल देईल होय?

शर्यतीच्या सकाळी त्यानं गुपचूप चकती बदलली. अठरा दात्यांची घातली, हलकी.

चढ लागला. धनाजी पाखरासारखा वर! मागं बघतो तर आण्णा उभा राहून पायडल रेटतोय, घामानं निथळतोय. "बघ! मला दमवणार होता!" — मिळाला पुरावा, मंडळी! संशयाला पुरावा लगेच मिळतो!

मग उतार. पहिल्या वळणापर्यंत गंमत. पुढं पाय फिरायला लागले — फिरायला कसले, कुणी तरी फिरवायलाच लागलं! मिक्सरच लागला! मागून हाक आली, "धना, मधे ये! मधे!" आण्णा गाठत आला होता. धनाजी म्हणाला, आला डावावर! आणि मुद्दाम कडेला सरकला.

खडी! चाक डगमगलं. मागं टेम्पोचा भोंगा. उजवा पाय पायडलवरून उडाला, आणि तेच पायडल नडगीवर बसायला लागलं — खाड, खाड! ब्रेक दाबावा तर खडीवर घसरणार. डावीकडं दरी. तेव्हा पालखी आठवली नाही हो. लेक आठवली!

भोंगा वाजत राहिला. पण टेम्पो पुढं येईना.

खाली सपाटी आली, सायकल मंदावली, धनाजी शेतात आडवा झाला. वळून बघतो — आण्णा रस्त्याच्या मधोमध! त्याच्या मागं टेम्पो, ड्रायव्हर शिव्या देतोय. अख्खा उतार तसाच! तेवढ्यात तिसराच गडी मागून आला आणि शर्यत मारून गेला.

धनाजीनं काय विचारावं? "आण्णा, मला ओलांडलं का नाहीस? काय डाव होता?" अजूनही!

"ओलांडलं असतं तर टेम्पो तुझ्या अंगावर आला असता." एवढंच बोलून आण्णानं सायकल आडवी टाकली आणि रुमालानं धनाजीची नडगी बांधायला बसला.

सायकल धनाजीच्या डोळ्यांपुढंच पडली होती. त्यानं मागच्या चकतीचे दाते मोजले. चौदा! त्याला सांगितली, तीच! दोन्ही सायकली आठवडाभर एकाच भिंतीला टेकून होत्या, मंडळी! भावाचा शब्द शंभरदा उलटापालटा केला, चाकाशी एकदा वाकला नाही. धनाजी ढसाढसा रडला.

आता तुम्ही! डाव्या खांबापाशी बसलेल्यांची भावकी उजव्या खांबापाशी आहे, दिसतंय मला. संशय सोडा असं म्हणत नाही. माझ्या सांगण्यानं तो सुटायचा नाही. पण वाकून दाते मोजा तरी!

— आणि काका, चपला गेल्या हो तुमच्या!

बघा, उठले! अहो बसा, आहेत! आहेत म्हटलं तेव्हा तीनदा वळून बघितलंत. गेल्या म्हटल्याबरोबर पटलं! आता सगळ्यांनी देवाचं नाव घ्या — डोळे मिटून. जमतंय का बघू!