अंगणवाडीच्या पावसाकडच्या भिंतीचा दरजा मी कोरला त्याबाबत

दिनांक २५/०८/२००४, बुधवार. वेळ दुपारी १२ वाजून २० मिनिटे.

मी, साईनाथ धाऊ वेखंडे, वय २३ वर्षे, धंदा भिंतींना बाहेरून दरजा भरणे, शिक्षण चौथी, मूळ राहणार आवळीपाडा, डोळखांबजवळ, ता. शहापूर, जि. ठाणे, सध्या राहणार मंगळूर, कामाच्या जागेवरच. आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर आहे. मला बोलावून विचारले म्हणून सांगतो आणि हवालदारसाहेब लिहून घेतात ते असे की,

आवळीपाड्यात माझी आई धोंडीबाई, वय अंदाजे ५० वर्षे, एकटी राहते. ती पाड्यावरच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. मी शाळा सोडल्यावर वीटभट्टी, नाशिकला हॉटेल, सुरतेला साड्यांचे पॅकिंग अशी कामे केली. कुठेच वर्षभर टिकलो नाही. मंगळूरला मात्र चार वर्षे झाली. तिकडे एका म्हाताऱ्या मेस्त्रीच्या हाताखाली दरजा भरायला शिकलो. दोन विटांच्या मधे सिमेंट-वाळूचा माल भरलेला असतो, त्या सांध्याला दरजा म्हणतात. भिंतीत पाणी शिरते ते विटेतून कमी आणि दरजातून जास्त. मला हे एकच काम येते, पण ते येते.

अंगणवाडीची नवीन इमारत ठेकेदार कुंडलिक शेठ रोठे यांनी बांधली. ती यंदा एप्रिलमध्ये पुरी झाली. भिंती विटेच्या आहेत. बाहेरून प्लास्टर करायचे नव्हते, दरजा भरायचा होता. काम चालू असताना मी गावात नव्हतो.

१४ जूनला पाऊस लागला. १६ जूनला अंगणवाडीची पावसाकडची, म्हणजे पश्चिमेची भिंत आतून ओली झाली आणि तिला टेकून ठेवलेली पोरांच्या खिचडीच्या तांदळाची गोणी भिजली. ही तारीख मी मनाने सांगत नाही. अंगणवाडी सेविका नम्रताताई रोज वहीत नोंद करतात. त्या वहीत १६ जूनच्या खाली तांदूळ भिजल्याचे लिहिले आहे. वही अंगणवाडीच्या कपाटात आहे. ती आणून बघावी.

आमच्याकडे पावसाकडच्या भिंतीला बाहेरून पेंढ्याचा आडोसा बांधतात. भिंतीत बांबूच्या खुंट्या मारायच्या आणि त्यांना पेंढा बांधायचा. घर मातीचे असो, कुडाचे असो, कोणी चुकवत नाही. आमच्या घराची पावसाकडची भिंत सन १९९७ च्या श्रावणात आत पडली. त्या साली आडोसा बांधायचा राहिला होता. तेव्हापासून आई आडोशाला एक दिवस उशीर करत नाही. वडिलांबद्दल विचारले असता, ते त्या भिंतीकडेच झोपत होते, एवढेच सांगतो.

अंगणवाडीची भिंत गळते हे नम्रताताईंनी ठेकेदाराला दोन वेळा कळवले. कोणी आले नाही. म्हणून ३ जुलै रोजी माझ्या आईने घरचा पेंढा नेऊन अंगणवाडीच्या भिंतीला आडोसा बांधला. त्यासाठी तिने दरजात अकरा खुंट्या घातल्या. हे खरे आहे. विटेच्या भिंतीच्या दरजात खुंटी घालू नये, ही आमच्या लोकांची चूक आहे. मातीच्या भिंतीत ते चालते, वरून पुन्हा लिंपता येते. आईची चूक मी लपवत नाही. पण ती चूक गळतीच्या सतरा दिवस नंतरची आहे.

जुलैच्या शेवटी कुंडलिक शेठ गाडी घेऊन आले. भिंतीला पेंढा बघून म्हणाले, "नव्या बिल्डिंगला काय गोठा केलात? या भोकांनीच भिंत गळती." तेव्हा तिथे आमच्या शेजारची ठकी आत्या होती. ती म्हणाली, "शेठ, खुंटीनं भित गळली असती तर आमचा पाडा कधीच व्हावून गेला असता." शेठ आईकडे वळले. त्यांनी एक लिहिलेला कागद काढला आणि आईचा अंगठा घेतला. "काय नाय गो, आडोसा तू बांधलास एवढंच लिव्हलंय," असे सांगितले. आईला वाचता येत नाही. चार दिवसांनी तिला निरोप आला की चौकशी होईपर्यंत कामावर यायचे नाही. ती त्या अंगणवाडीत चौदा वर्षे आहे, सेविका तीन बदलल्या.

हे मला फोनवर ठकी आत्याने सांगितले. आईने सांगितले नाही. आईने मला विचारले होते की तिकडे जेवण बरे मिळते का. मी मेस्त्रीला सांगून निघालो आणि २० ऑगस्टला घरी आलो.

२१ तारखेला मी आडोशाचा पेंढा सोडून भिंत बघितली. दरजाच्या रेघा सरळ आहेत. एवढ्या सरळ मलाही येत नाहीत, ते मी मान्य करतो. पण ती रेघ फक्त वरची आहे. आधी जुना माल पेरभर खोल कोरायचा असतो, खाच साफ करून पाणी मारायचे असते, मग नवीन माल आत दाबून भरायचा असतो. इथे काही कोरलेले नाही. वरून सिमेंटच्या पाण्याची रेघ ओढली आहे. तिच्या आत जो माल आहे त्यात सिमेंट नावाला आहे. नखाने खरवडला तरी वाळू गळते. खिडकीखालच्या पट्टीचा उतार बाहेर पाहिजे, तो आत आहे. म्हणजे पावसाला आत यायला वाटच करून दिली आहे.

मी आईने घातलेली एक खुंटी उपटली आणि शेजारच्या दरजात, जिथे भोक नव्हते तिथे, अंगठ्याने दाबली. दगड नाही, हातोडी नाही. ती चार बोटे आत गेली. तीच खुंटी मी समोरच्या जुन्या शाळेच्या भिंतीवर दगडाने ठोकली. तिचे टोक मोडले. ते मोडलेले टोक माझ्या खिशात आहे. साहेबांना दाखवले आहे. साहेबांनी ते टेबलावर ठेवून घेतले.

रविवार २२ आणि सोमवार २३ ऑगस्ट रोजी उघडीप होती. त्या दोन दिवसांत मी त्या भिंतीचा सगळा दरजा लोखंडी कोरणीने पेरभर खोल कोरून काढला. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. सगळ्या पाड्याने बघितले. मी कोणाला विचारले नाही. विचारले असते तर शेठला विचारा म्हणाले असते. मंगळवारी मी माझ्या पैशाने सिमेंट आणि चाळलेली वाळू आणून खालून भरायला सुरुवात केली. दुपारपर्यंत विटांचे खालचे नऊ थर भरून झाले. सळीचा तुकडा वाकवून दरजा आत दाबला, म्हणजे पाणी त्यावर टिकत नाही, बाहेर पडते. माल लवकर सुकून तडकू नये म्हणून वर ओले बारदान लावले.

तेव्हा कुंडलिक शेठ आले. त्यांच्याबरोबर दोन माणसे होती. पुढे बोलणे झाले ते असे.

शेठ म्हणाले, "कोण रे तू? सरकारी भिंत कोणाला विचारून फोडलीस?"

मी म्हणालो, "फोडली नाय, कोरली. तुमी कोरली नव्हती म्हणून."

शेठ म्हणाले, "चौथी नापास पोरगा मला बांधकाम शिकवणार?"

मी म्हणालो, "चौथी पास आहे शेठ. पाचवीला गेलो नाय." मग मी आईच्या खुंट्यांतली दुसरी एक खुंटी त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "बाजूच्या भिंतीला मी हात लावला नाय, तो तुमचा दरजा आहे. तुमीच घाला ही खुंटी. नाय गेली तर मी माझी कोरणी तुमच्या गाडीत टाकतो आणि मंगळूरला जातो."

शेठ म्हणाले, "मी शेठ आहे, गवंडी नाय."

ठकी आत्या म्हणाली, "ते भितीवर दिसतंय, शेठ."

लोक हसले. मीही हसलो. त्यानंतर त्यांच्याबरोबरच्या एका माणसाने माझी कॉलर धरली. मी त्याचा हात काढला. मारले नाही. माझ्या दुसऱ्या हातात कोरणी होती हे खरे, कारण मी काम करत होतो. मी कोरणी उगारली असे शेठच्या तक्रारीत आहे, ते खोटे आहे. उगारली असती तर तसे सांगितले असते.

सरकारी मालमत्तेचे नुकसान केले का, असे विचारले असता सांगतो की दरजा मी कोरला. एकट्याने. आईने सांगितले नव्हते. उलट तिने दोन वेळा हात धरला आणि म्हणाली, "राहू दे रे साई, माझं मी बघीन." मी ऐकले नाही. जी शिक्षा असेल ती माझ्या नावावर लिहावी. पण नुकसान मी केले असे मी म्हणणार नाही. पाहिजे तर साहेबांनी स्वतः येऊन, हाताने, खालचे नऊ थर आणि उरलेल्या तीन भिंती तपासाव्यात. त्या तीन भिंतींना मी हात लावलेला नाही.

झालेल्या प्रकाराबद्दल चूक कबूल आहे का आणि असे पुन्हा करणार नाही असे लिहायचे का, असे विचारले. नाही. गळली तर पुन्हा कोरीन.

माझा जबाब इथे संपतो. साहेबांनी तो मला सावकाश वाचून दाखवला. एका ठिकाणी "तोडफोड" लिहिले होते ते माझ्या सांगण्यावरून खोडले. बाकी सगळे मी बोललो तसे आहे.

वाचून झाल्यावर मी सहीला थांबलो. मी म्हणालो, माझे वाचून दाखवलेत, तसे शेठच्या तक्रारीला जो माझ्या आईच्या अंगठ्याचा कागद जोडला आहे तोही वाचावा. ती बाहेर बाकावर बसली आहे. तिचे तिला अजून कोणी वाचून दाखवलेले नाही. ते झाल्याशिवाय मी सही करत नाही, मग मला संध्याकाळपर्यंत बसवा.

साहेबांनी आईला आत बोलावले, खुर्ची दिली आणि तो कागद वाचला. त्यात असे होते की, "मी भिंतीत खुंट्या ठोकल्यामुळे इमारतीस गळती लागली. बांधकामाबाबत माझी तक्रार नाही."

आई खुर्चीतून उठली. मग म्हणाली, "असं मी बोललेच नाय, साहेब. भित गळती म्हणून आडोसा बांधला, असं बोलले. यांनी उलटं लिव्हलं." साहेबांनी विचारले, तुमचा जबाब वेगळा घेऊ का? ती म्हणाली, "घ्या. आणि वाचून दाखवा."

तिचा जबाब वेगळ्या कागदावर घेतला आहे. तो तिला दोन वेळा वाचून दाखवला. दुसऱ्या वेळेस तिनेच सांगितले म्हणून. मी या कागदावर माझी सही करतो. अंगठा नको.

सही झाल्यावर मला जाऊ द्यावे. कडक ऊन आहे आणि नऊ थरांवरचे बारदान सुकत असेल.

समक्ष,
(सही) साईनाथ धाऊ वेखंडे