गॅलरीतल्या चाळीस कुंड्या

मौला : चाळीस? पावणं, चाळीस म्हंजे माझी निम्मी नर्सरीच झाली की! कुठं राहताय? राजवाड्यात?

बाळासो : राजारामपुरीत. दुसऱ्या मजल्यावर. गॅलरी हाय सहा फुटाची.

मौला : सहा फुटात चाळीस कुंड्या? मंग तुमी कुठं उभं राहणार?

बाळासो : मी आत राहतो हो. मला काय करायचंय गॅलरीत? रविवारच्या आत पायजेत, बास. आणि सगळ्या फुललेल्या.

बेगम : आज बेस्तरवार, मधी दोनच दिवस. अवो भाऊ, फुलं म्हंजे काय भजी हायत व्हय, तेल तापलं की सोडली?

बाळासो : हसू नका भाभी. माझं लग्न अडकलंय.

बेगम : या अल्ला! अवो ऐकलं का, त्यांना स्टूल द्या आधी. बसा भाऊ, बसा. आता सगळं सांगा. पहिल्यापासनं.

मौला : बेगम, गिऱ्हाईक हाय त्यो. सोयरीक जमवायला न्हाय आलेला.

बेगम : तुमी तुमची खुरपी धुवा. हां भाऊ, नाव काय म्हणालासा?

बाळासो : बाळासो. मूळचा हुपरीचा. पैंजण बनवतो. गेल्या रविवारी पोरगी बघायला गेलतो, शाहूपुरीत. शालन नाव. शाळंत बाई हाय. पसंत पडली. लई पसंत पडली.

बेगम : दिसायला कशी हाय?

बाळासो : ते काय सांगता येणार न्हाय.

मौला : म्हंजे?

बाळासो : वर बघायचं धाडसच झालं न्हाय. खाली मान घातली ती घातलीच. पोह्याची बशी आली तवा पावलं तेवढी दिसली.

बेगम : पावलांवर पसंत केली?

बाळासो : आवाजावर. तिचा मामा मला पोलिसावाणी इचारत बसलाता. दिवसाला किती जोड करता, दारू पिता का, चुलते कुठं असतात. तवा ती दारातनं म्हणाली, 'मामा, त्यास्नी पोहं तरी खाऊ द्या की.' झालं. माझं काम तिथंच संपलं.

बेगम : हाय हाय! अवो, तुमी कवा म्हणालासा असं मला?

मौला : मी पोहं मागितलंच न्हाईत कवा. बाळासो, कुंड्यांचं सांगा.

बाळासो : कुंड्या तिच्या दारात होत्या, वळीनं. मान खाली, नजर कुंड्यांवर. मामा म्हणाला, आमच्या पोरीला बागंचा लई नाद. तुमाला कशाचा? आता मला कशाचा नाद असणार? सकाळी उठलं की घुंगरं, झोपलं की घुंगरं. पण तोंडातनं निघालं, 'बागंचाच.' त्यो म्हणाला, किती कुंड्या हायत? मी म्हणालो, चाळीस.

बेगम : चार म्हणायचं की!

बाळासो : चारच म्हणणार होतो भाभी. तेवढ्यात ती दारात हसली. मंग मला काय आवरलं न्हाय.

मौला : आणि रविवारी ते घर बघायला येणार.

बाळासो : मामा, मामी, आई. मामा म्हणालाय, आधी बाग दाखवा, मंगच चहा. खोटं उघडं पडलं तर मोडलं समजा.

मौला : आता सध्या गॅलरीत काय हाय?

बाळासो : टॉवेल. वाळत घातलेला.

मौला : झाड म्हणतोय मी.

बाळासो : एक तुळस होती. चांदी उजळलेलं पाणी फुकट कशाला घालवायचं, म्हणून रोज तिलाच घालत होतो.

मौला : तेजाबाचं पाणी? तुळशीला?

बाळासो : थोडंच असतंय त्यात.

बेगम : अवो, ह्यो बाबा तुळस उजळायला निघालाता! थांबा, माझ्या पोटात दुखाया लागलं.

मौला : तोबा! बाळासो, चाळीस इसरा. मोठ्या तीन कुंड्या करू, भरगच्च. दसरा झाला, पावसाळी तेरडा संपला. आता दिवस शेवंतीचं. कुंडी भरायची म्हंजे लग्नाचा फोटो काढायचा. उंच माणसं मागं, बुटकी फुडं, आणि पोरं कडंनं लोंबती. शेवंती मागं उभी करा, फुडं बुटका झेंडू, कडंला हे लाल-जांभळ्या पानांचं कोलियस, आणि वरनं मनीप्लँट सोडा.

बाळासो : हे पान हाय व्हय? मला फूल वाटलं.

मौला : मामाला बी वाटंल.

बाळासो : त्यापेक्षा डेलिया द्या की. ताटाएवढा असतोय म्हणं.

मौला : त्याला थंडी पायजे. डिसेंबरात या.

बाळासो : डिसेंबरात मी कशाला येऊ! मामा रविवारी येणार. बरं, शेवंतीच द्या. पण ही नको. हिला सात कळ्या हायत, शेजारचीला नऊ.

मौला : मंग?

बाळासो : जोड जमत न्हाय. डाव्या पायात जेवढी घुंगरं तेवढीच उजव्यात पायजेत.

मौला : अरे बाबा, झाडाला काय पाय हायत? देव देईल तेवढ्या कळ्या!

बेगम : मोजू द्या हो त्यांना. मोजताना किती गोड दिसतंय बघा, ओठ हलत्यात.

बाळासो : नऊ. दहा. हिला अकरा. ही... मौलाभाई, ही कुंडी कुठली?

मौला : कुठली म्हंजे? माझी.

बाळासो : काठाला टवका. खाली गेरूचा पट्टा, आणि पट्टा ह्या जागी बोटभर वर सरकलाय. ही शालनच्या दारात होती.

मौला : कुंभाराकडच्या कुंड्या सगळ्या सारख्याच असत्यात.

बाळासो : पैंजणाचं एक घुंगरू बदललं तरी मी अंधारात ओळखतो. आणि हिच्याकडं तर तासभर बघत बसलोय मी. डावीकडनं तिसरी.

मौला : मला म्हाईत न्हाय.

(बेगम तोंडाला पदर लावून शेवंतीच्या वळीमागं जाते. पदरातनं हसू ऐकू येतं.)

बाळासो : भाभी!

बेगम : सांगते, सांगते. अवो, आता काय लपवताय? हे बघा भाऊ, पोरगी बघायला पावणं येणार असलं की लोक आदल्या दिवशी हिथनं कुंड्या नेत्यात. भाड्यानं. पावणं गेलं की कुंड्या परत. दाराला शोभा येती.

मौला : आणि कुणाच्या दारात गेल्या, हे सांगायचं न्हाय. वीस वर्षांचा नेम हाय माझा!

बेगम : तुमी कुठं सांगितलं? कुंडीनं सांगितलं.

बाळासो : म्हंजे तिला बागंचा नाद न्हाय? मामा चक्क खोटं बोलला?

बेगम : आणि तुमी?

बाळासो : ...मी चाळीस वेळा.

मौला : हां! आता बोलला.

बेगम : भाऊ, फुडचं ऐका. कुंड्या परत करायला ती सोताच आलती, हातगाडीमागं चालत. डोळं भरलेलं. मला म्हणाली, 'काकी, त्यांच्याकडं चाळीस कुंड्या हायत. मला झेंडू आणि शेवंती ओळखू येत न्हाय. लग्न झालं तर पहिल्याच दिवशी माझं पितळ उघडं पडणार.' एक शेवंती इकत घेऊन गेली, शिकायला म्हणून. रोज येती आता. काल इचारत होती, पाणी फुलाला घालायचं का पानाला?

बाळासो : कशाला घालायचं?

मौला : बुडाला रे बाबा, बुडाला! या खुदा, दोघांच्या हातात एक झाड द्यायची सोय न्हाय!

बेगम : मी म्हणते, हे लग्न झालंच पायजे. न्हायतर दोन वेगळ्या घरातली झाडं मरत्याल.

बाळासो : भाभी, ती खरंच रडली? माझ्यामुळं?

बेगम : तुमच्यामुळं कशाला, तुमच्या बागंमुळं.

बाळासो : मला चार दिवस झोप न्हाय. वाटायचं, तिला कळलं तर काय म्हणंल. आणि ती तिकडं हेच करत बसलीया. मौलाभाई, कुंड्या न्यायला हातगाडी सांगू नका.

मौला : का?

बाळासो : नको मला तीन बी. एक शेवंती द्या. कळ्यांचीच द्या, आणि भाड्यानं न्हाय, इकत. कशी जगवायची ते बी सांगा.

मौला : आणि मामा?

बाळासो : मामाला टॉवेल दाखवतो. मोडलं तर मोडू दे. पण त्याच्या आधी तिला मी सोता सांगणार. मामाच्या तोंडनं तिला कळायला नको. चिठ्ठी लिहू का भाभी? तुमी द्याल?

बेगम : चिठ्ठी कशाला? तोंड हाय की तुमाला.

बाळासो : तोंड हाय. मान वर होत न्हाय.

बेगम : मंग खालीच बघा. तिच्या पावलांना कुठलं पैंजण शोभंल तेवढं तरी ठरवा.

बाळासो : ते ठरलंय. सोमवारीच करायला घेतलं.

बेगम : सोमवारी? बघून आल्याच्या दुसऱ्या दिवशी? अजून ठरलं बी न्हाय आणि पैंजण चालू?

बाळासो : एक पाय झालाय. दुसऱ्याला हात लावायचं धाडस होईना.

बेगम : अवो, ह्या माणसाकडनं पैसं घेऊ नका तुमी.

मौला : घेणार. फुकटचं झाड कुणी जीव लावून वाढवत न्हाय. बाळासो, ही धरा. बोट मातीत घालून बघायचं. वाळली असली तरच पाणी. साधं पाणी! चांदीचं न्हाय!

बाळासो : व्हय. साधं. बुडाला. भाभी, ती किती वाजता येती?

बेगम : आज येऊन गेली. उद्या शाळा सुटल्यावर शिकवणी हाय तिची. सहा वाजून जात्याल.

मौला : सहाला तर मी फाटकाला कुलूप लावतो.

बेगम : उद्या लावू नका.