दारावरची मौनाची पाटी

हसा तुम्ही, पण बायको गेल्यावर मला ध्यानाचं वेड लागलं अन् मी सात दिवसांचं मौन धरलं. दारावर पाटी लावली, ‘मौन चालू आहे.’ कुणी आलंच तर कसं मंद हसायचं, तेही आरशात बघून ठरवलं.

सहाव्या दिवशी पुंडलिकनगरात टँकर आला. दुष्काळच होता तसा. शेजारच्या सुमनबाईंनी माझा ड्रम मागं सारला अन् मी ओरडलो, “ओ बाई, नंबर माझाय!”

लगेच जीभ चावली. “तुमच्यापायी मौन मोडलं माझं.”

त्या गोंधळल्या. “मौन? कवापासून, काका?”

“सहा दिवस झाले. दारावर पाटी हाय की!”

“व्हय का? नाय बा कळलं,” म्हणत त्यांनी माझा ड्रम पुढं घेतला.

मोडलं तर मोडलं, मी सातवा दिवसही पाळला. त्या दिवशीबी दाराशी कुणी आलं नाही, लई सोपा गेला.