हुंगून सोडलेली अकरा विमानं

—नाही हो ताई, सर्दी नाही. सर्दी असती तर बरं झालं असतं, या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो नसतो. मला वासच येत नाही. चार महिने झाले, तो ताप येऊन गेला तेव्हापासून. आणि माझं काम काय विचाराल, तर विमानाच्या पंखातून इंधन गळतंय का ते शोधायचं. हसा, हसा. बायकोही हसली. परवा तिने घरात तो उग्र वासाचा ड्युरियन फोडला, शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या, आणि मी त्या फळाला टेकून बसलेला, विचारतोय, आज गोड काही नाही का?

आमच्या सुराबायाच्या विमानतळावरच्या हँगरमध्ये मला नाकवाला म्हणतात. पंखाखाली थेंब दिसला की नियम असा — पुसून कोरडं करायचं, पावडर मारायची, अर्धा तास थांबायचं. इंधन असेल तर पावडर लालभडक होते, मग तो डाग पट्टीने मोजायचा, आणि त्या मापावर ठरतं विमान जाणार की थांबणार. मी कशाला थांबतोय? बोटाला लावायचं, हुंगायचं, सांगून मोकळा — गार पंखावरचं दव आहे, सोडा. पंचवीस वर्षं चुकलो नाही — म्हणजे, कुणी तपासलंच नाही. आमच्यात मुर्नी आहे, माझ्याच बरोबर नोकरीला लागलेली. ती मात्र घड्याळ लावून पंखाखाली बसून राहायची. तिला मी सगळ्यांदेखत म्हणायचो, 'ती पावडर तोंडाला लाव, काहीतरी उपयोग होईल.'

तर मंगळवारी मी हुंगलं आणि म्हणालो, पाणी. हातात मोजे, नाहीतर बोटांना तेलकट तरी लागलं असतं. तिकडे माणसं चढायला रांगेत उभी. मुर्नी म्हणाली, 'वागियोदादा, मी एकदा बघते.' मी म्हटलं, बघ बाई, होऊ दे तुझा मेकअप. अर्ध्या तासाने तिने पट्टी लावली — चौदा सेंटिमीटर. त्या जागी दहाच्या वर चालत नाही. विमान थांबलं. ती चारचौघांत काही बोलली नाही. मागच्या खोलीत नेलं, दोन ओल्या चिंध्या माझ्या नाकाखाली धरल्या. 'पाण्याची कुठली?' मी चांगला वेळ घेतला, डोळेबिळे मिटले, आणि ठणकावून सांगितलं, डावी.

'दोन्ही इंधनाच्या आहेत, दादा.'

मग विचारते, कधीपासून? मी म्हटलं परवापासून. मग म्हटलं आठवडा झाला. मग — आता तुमच्यापासून काय लपवायचं — तिथेच डबड्यावर बसून रडलो. चार महिन्यांत नुसती हुंगून सोडलेली विमानं अकरा. नोंदवहीत प्रत्येकापुढे माझी सही. तेव्हापासून येईल तसं एकेक आम्ही दोघं पावडर मारून बघतोय, नऊ कोरडी निघाली. उरलेली दोन पूर्वेकडच्या बेटांवर उडताहेत, ती सध्या इकडे येतच नाहीत. मुर्नी म्हणाली, 'साहेबांना तुम्ही सांगा. आज दुपारपर्यंत. नाहीतर मी सांगेन.' म्हणून मी आधी इथे आलो. म्हटलं, डॉक्टर जर म्हणाले की नाक परत येईल, तर मग — तर मग काय? त्या दोन विमानांना माझ्या नाकाशी काय देणंघेणं? आत्ता, आपण इथे बोलतोय, तेव्हाही त्यांत माणसं बसलेली असतील. लेकरं असतील.

माझं नाव घेतलं का त्यांनी? तुम्ही जा ताई, माझ्याऐवजी. मला आधी एक फोन करायचाय. जा ना, अशा बघत काय बसलाय? आणि आत गेल्यावर दार लावून घ्या — साहेबांशी बोलताना कुणी ऐकलेलं मला आवडत नाही.